चाललं की जिरतं

माझं वजन चौऱ्याऐंशी किलो आहे हे मला सातिवलीच्या आमच्या कारखान्यात कळलं. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा छोटासा कारखाना. मी तिथे ऑफिसात बसते, फोन घेते, कुठला माल कुठे गेला ते बघते. गाडी भरतात तिथे जमिनीलगत एक मोठा काटा आहे, खोक्यांचे गठ्ठे तोलायचा. एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी चपला काढल्या आणि त्याच्यावर उभी राहिले. आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. मी उतरले, ओढणी काढून ठेवली आणि परत चढले. तेवढाच. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि स्वतःला अजून पासष्ट किलोंचीच समजत होते.

त्या संध्याकाळी घरी येताना आचोळ्याच्या नाक्यावरच रिक्षा सोडली आणि बाकीचं अंतर चालत आले. घरी आल्यावर कडकडून भूक लागली म्हणून नेहमीपेक्षा एक पोळी जास्त खाल्ली. पुढचं दीड वर्ष मी हेच करत राहिले, फक्त जरा मोठ्या प्रमाणावर.

सकाळी चालायला जायचं ठरवलं, पण एकटीला लाज वाटत होती. जाड बाई सकाळी सकाळी पंजाबी ड्रेसवर बूट घालून निघाली की लोक बघतात, असं मला वाटायचं. म्हणून तळमजल्यावरच्या काकूंना विचारलं. काकू तेव्हा एकसष्ट वर्षांच्या. नवरा लवकर गेला. त्यांनी बावीस वर्षं घरोघरी पोळ्या लाटून मुलीला शिकवलं. मुलगी आता अंधेरीला एका ऑफिसात होती, चांगली नोकरी होती, आणि तिने आईला सांगून टाकलं होतं की आता लाटणं पुरे. काकूंनी लाटणं सोडलं आणि दोन-तीन वर्षांत त्यांचं अंग सुटलं. मग साखर निघाली. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. मुलीने फ्रिजवर तक्ता चिकटवला: सकाळी काय, दुपारी किती, रात्री काय नाही.

मी विचारायला गेले तेव्हा मुलगी ओट्यापाशी उभी राहून एका चपट्या डिजिटल काट्यावर शिजलेला भात तोलत होती.

"ताई, तुम्ही देवासारख्या आलात," ती म्हणाली. "ही एकटी जात नाही. मी म्हणून म्हणून थकले. तुम्ही सोबत असलात की मला काळजी नाही."

काकू मागून म्हणाल्या, "हिचा काटा बघितलास का? सोनाराकडेसुद्धा एवढं बारीक मोजत नाहीत."

मुलगी हसली नाही. वडील असेच गेले होते, साखरेने आधी डोळे नेले आणि मग हृदय. ती भात तोलायची ती भीतीने तोलायची. हे तेव्हाही मला माहीत होतं.

मुलगी सहाच्या सुमाराला स्टेशनला निघायची आणि तिच्या मागोमाग आम्ही. आमच्या जवळच तळं आहे, त्याच्याभोवती फरशीचा रस्ता केलेला आहे. चार फेऱ्या मारायच्या असं ठरलं. पहिल्या आठवड्यात दोन होईनात. काकूंचे गुडघे दुखायचे, मला धाप लागायची. पण महिन्याभरात चार व्हायला लागल्या, आणि चारच्या चार फेऱ्या मारून झाल्या की आम्हाला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटायचं. घामाने पाठ भिजलेली, गाल गरम झालेले. आणि तळ्याच्या फाटकाबाहेर इडलीवाल्याची गाडी.

आधी फक्त चहा झाला. मग एके दिवशी त्याने कढईतून मेदूवडे काढले ते आमच्या नाकासमोरच. मी थांबले. काकू म्हणाल्या, "नको गं, तक्त्यात नाही."

मी म्हणाले, "अहो काकू, चार फेऱ्या मारल्यात. चाललं की जिरतं. हक्काचा वडा आहे हा."

हे वाक्य माझं आहे. पुढे काकूच ते म्हणायला लागल्या, इडलीवालाही आम्हाला बघून "चाललं की जिरतं" म्हणायचा आणि दोन ताटल्यांवर बटर पेपर लावायला घ्यायचा. पण पहिल्यांदा ते मी म्हणाले होते. त्यामागचं खरं कारण एवढंच होतं की मला वडा खायचा होता, आणि चालायला जाऊन एकटीने वडा खायची मला लाज वाटत होती. चालायला सोबत हवी होती तशीच खायलाही.

दोन वडे, सांबार, ओली चटणी, गोड चहा. रविवारी मुलगी घरी असायची म्हणून रविवारी नाही. बाकी सहा दिवस.

काकू खायच्या ते बघत राहावं असं खायच्या. घाई नाही. वडा सांबारात दाबायच्या, तो पुरता भिजेपर्यंत थांबायच्या. एकदा म्हणाल्या, "बावीस वर्षं मी लोकांना तव्यावरची गरम वाढली. घरी येऊन स्वतः गार खाल्ली. मला कोणी गरम वाढतंय असं हे पहिल्यांदाच." हे ऐकल्यावर त्यांना कोण थांबवणार? मी तरी नाही. मला उलट आपण काहीतरी पुण्याचं काम करतोय असं वाटलं.

तीन-चार महिन्यांनी मुलगी मला जिन्यात भेटली. हातात आईचे रिपोर्ट.

"ताई, एक विचारू? आई बाहेर काही खात नाही ना?"

"छे गं," मी म्हणाले. "चालतो आणि सरळ घरी येतो. कधीतरी चहा."

"बिनसाखरेचा?"

"बिनसाखरेचा."

इतकं सहज आलं तोंडातून. वर जाताना जरा टोचलं, पण मी स्वतःला समजावलं की एकदोन वड्यांनी काय होतं. त्या दिवसापासून मात्र माझ्यात आणि काकूंमध्ये एक गुपित तयार झालं आणि त्या गुपिताची आम्हाला गंमत वाटायला लागली. काकू ओठ पुसून घरी जायच्या आणि तक्त्याप्रमाणे मुगाचं धिरडं पुन्हा खायच्या, कारण मुलगी ते डब्यात करून ठेवून गेलेली असायची आणि डबा भरलेला दिसला तर ती विचारणार.

साखर उतरेना. डॉक्टरांनी गोळी वाढवली. मुलीने रात्रीचा भात बंद केला, मग भाकरी अर्धी केली. काकू रात्री अर्धपोटी झोपायच्या आणि सकाळी तळ्यावर म्हणायच्या, "आज तीन सांग." मी तीन सांगायचे.

माझंही वजन उतरत नव्हतं. सहा महिन्यांनी त्या काट्यावर परत उभी राहिले तेव्हा दोन किलो वाढले होते. मी बूट बदलले. कुणीतरी म्हणालं की भरभर चालायला हवं, म्हणून भरभर चालायला लागले. कुणीतरी म्हणालं की सकाळी गरम पाण्यात लिंबू, तेही केलं. वडा सोडून मी सगळं करून बघितलं.

मुलीने एक वही केली होती. त्यात रोजची साखर, रोजचं खाणं, किती फेऱ्या झाल्या ते. ती वही घेऊन एका रविवारी वर माझ्याकडे आली. माझ्या डायनिंग टेबलाशी बसली आणि पानं उलटत म्हणाली, "ताई, मी कुठे चुकतेय ते कळत नाहीये. तेल कमी केलं, भात बंद केला, बटाटा बंद केला. ती चालते पण रोज. तरी आकडा बघा. डॉक्टर माझ्याकडे असे बघतात की मी आईला लपवून खायला घालते."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. फेऱ्यांच्या रकान्यात रोज 'चार' लिहिलेलं होतं, वळणदार अक्षरात.

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. म्हणाले, "वयाप्रमाणे होतं गं. तू एवढा ताण घेऊ नकोस." आणि तिच्यापुढे चहा ठेवला. चहा ठेवताना मला काकूंचा चेहरा आठवला, वडा भिजायची वाट बघणारा, आणि मी ठरवलं की आपण काकूंची बाजू घेतोय. खरं तर मी माझीच बाजू घेत होते. मुलीला कळलं असतं तर तिने मला काय म्हटलं असतं, ही भीती होती. तिच्या नजरेतून मी उतरले असते.

तिने डॉक्टरांना पुन्हा तीच वही दाखवली. डॉक्टरांनी गोळी अजून वाढवली. ती सकाळी नाष्ट्याबरोबर घ्यायची होती. म्हणजे तळ्यावरून घरी आल्यावर, धिरड्याबरोबर. पण काकू ती घेऊनच निघायच्या. "तिथे गेल्या गेल्या खायचंच आहे," त्या म्हणायच्या, "मग गोळी आधी पोटात गेलेली बरी." मला यातलं काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळलं असतं त्यांना आम्ही सांगत नव्हतो.

ऑक्टोबरातली सकाळ होती. उकाडा पहाटेपासूनच. फाटकाशी इडलीवाल्याची गाडी नव्हती. शेजारचा नारळपाणीवाला म्हणाला की तो गावी गेला, चार दिवसांनी येईल. काकूंचा चेहरा पडला.

"मग आज नुसतंच चालायचं?" त्या म्हणाल्या. "दोन फेऱ्या मारून घरीच जाऊ या का?"

मला त्या आठवड्यात कुणीतरी पुन्हा वजनावरून बोललं होतं. मी म्हणाले, "उलट आज चान्स आहे काकू. खाणं वाचलंय तर फेऱ्या वाढवू. सहा मारू. बघा आज काटा हलतो की नाही."

त्या नाही म्हणाल्या नाहीत. काकू कुणालाच सहसा नाही म्हणायच्या नाहीत.

चौथ्या फेरीपर्यंत ठीक होतं. पाचव्या फेरीत त्या बोलायच्या थांबल्या. मी पुढे पुढे चालत होते, अधूनमधून मागे वळून "चला" म्हणत होते. सहाव्या फेरीत त्यांनी माझा दंड धरला. हात ओला गार होता.

"सहा नंबरवाल्यांच्या पोळ्या राहिल्यात," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले. "आता कसल्या पोळ्या काकू?"

"कणीक भिजवून आले होते मी," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मी कोणी अनोळखी बाई आहे. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी म्हणाले बसा, त्यांनी बसण्यासाठी मागे वळून पाऊल टाकलं, पण तिथे बाक नव्हताच. त्या कुशीवर फरशीवर पडल्या. आवाज मला अजून ऐकू येतो.

मी त्यांना पाणी पाजायचा प्रयत्न केला. नुसतं पाणी. पाय चोळले. चालायला आलेले एक गृहस्थ धावत आले आणि पहिला प्रश्न त्यांनी विचारला, "यांना डायबिटीस आहे का? गोळी घेतलीय? काही खाल्लंय?" मी तिन्हीची उत्तरं दिली. ते ओरडलेच, "अहो मग साखर द्या!" त्यांनी खिशातून चॉकलेटची गोळी काढली, काकूंच्या गालात सारली. दहा-बारा मिनिटांत काकूंनी मला ओळखलं. पण उठता येईना. खुब्याचं हाड मोडलं होतं.

माझा फोन गेल्यावर मुलगी वाटेतूनच परत फिरून दवाखान्यात पोचेपर्यंत काकूंना आत नेलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई आम्हा दोघींना विचारत होत्या, "साखर एवढी खाली कशी गेली? गोळी घेऊन उपाशीच चालायला जातात का? मग रोज काही होत नाही, आजच कसं?"

मुलगी म्हणाली, "नाही, गोळी घरी येऊन घेते. नाष्ट्याबरोबर."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आज चुकून आधी घेतली असेल."

हे सुद्धा मी केलं. काकू आत पडलेल्या असताना.

तिसऱ्या दिवशी, ऑपरेशन झाल्यावर, मला राहवेना. नवीन गोळ्या पुन्हा त्या वहीवरूनच ठरणार होत्या. बाहेरच्या बाकावर मुलगी बिस्किटाचा पुडा मांडीवर ठेवून बसली होती, उघडला नव्हता. मी शेजारी बसले आणि पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. वडे, चहा, तीन सांग म्हणणं, गोळी घेऊन निघणं, सहा फेऱ्या. माझं वाक्यही सांगितलं.

तिने बिस्किटाचा पुडा बाकावर ठेवला. मग म्हणाली, "दीड वर्ष?"

"हो."

"मी तिचा भात बंद केला होता ताई. भाकरी अर्धी केली होती. ती रात्री कुशीवर वळून पोट धरून झोपायची आणि मला वाटायचं मी तिला वाचवतेय."

मी म्हणाले, "तू रागावशील म्हणून..."

"रागावले असते," ती म्हणाली. "तेवढंच झालं असतं ना? चार दिवस रागावले असते."

तिने आत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगितलं. गोळी निम्म्याहून कमी झाली. त्या मला म्हणाल्या, रागावून नाही, समजावून, "वजन उतरवायचं तर आधी ताटात बघावं लागतं. दोन वडे आणि गोड चहा तासभराच्या चालण्याने भरून निघत नाही. चालायचं ते हाडं, स्नायू धरून राहावेत म्हणून, साखर वापरली जावी म्हणून. दोन्ही लागतं, पण एकाने दुसरं फिटत नाही." शाळेतल्या मुलीसारखी मी मान हलवत राहिले.

मला वाटलं होतं, निदान काकूंना हलकं वाटेल. पण मी आत गेले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"सांगितलंस तिला," त्या म्हणाल्या.

"सांगावं लागलं काकू."

"सांगायचंच होतं तर आधी सांगायचंस. आता कशाला? आता माझं काय राहिलं?"

एकीला वेळेवर सांगितलं नाही आणि दुसरीचं गुपित राखलं नाही. त्या दोघींच्या मध्ये मी अशी उभी होते की कुणाच्याच कामी आले नाही.

त्यानंतर सहा महिने मी तळ्याकडे फिरकले नाही. चालणंच बंद झालं. आणि गंमत म्हणावी की काय, त्याच सहा महिन्यांत माझं वजन उतरलं. मी काही मोठं केलं नाही. बाहेरचं खाणं सोडलं, साखर सोडली, पोळ्या दोनवर आणल्या, ताटात भाजी आणि उसळ वाढवली, संध्याकाळचं फरसाण घरात आणणं बंद केलं. बरंचसं तर भूकच नव्हती म्हणून. अकरा किलो उतरले. कारखान्यातल्या बायका विचारायच्या, "काय केलंस? आम्हालाही सांग." मी आहार सांगायचे. बाकीचं कसं सांगणार? पुढे घरातच हातापायांचे व्यायाम सुरू केले, आता गच्चीवर चालते. माझ्या वजनाला सरळ रस्ता होता आणि तो मला आधीही माहीत होता. तो मी काकूंचं हाड मोडल्यावर धरला.

काकू वॉकर घेऊन घरात चालायला लागल्या, पण बाहेर पडेनात. आमच्या इमारतीला दारातच चार पायऱ्या आहेत, त्यांची त्यांना धास्ती बसली. मुलीने विरारला लिफ्टची, उताराचा रस्ता असलेली इमारत बघितली आणि दोघी तिकडे गेल्या. सामान जाताना मी खाली उभी होते. मुलगी नीट बोलली. पत्ता दिला. "या ताई," म्हणाली.

मी महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला गेले तेव्हा काकू खुर्चीत बसल्या होत्या. ब्लाउज खांद्यावरून सुटलेला, मनगटं काटकुळी. डॉक्टरांना हवं होतं तेवढं वजन कधीच झालंय, त्याहूनही खाली गेलंय. साखर काबूत आहे. पण पायांत मांस राहिलेलं नाही, उठताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. आणि खाणं जात नाही. ज्या मुलीने भाकरी अर्धी केली ती आता वाटी घेऊन पुढ्यात बसते.

"आई, अजून दोन घास. डाळ आहे, ताकद येईल."

"पुरे."

"एवढं तरी."

काकूंनी मान फिरवली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बारीक झालीस गं. छान दिसतेस." मनापासून म्हणाल्या. त्यांच्या मनात काही राहिलेलं नाही, असं मला वाटतं. कदाचित मला तसं वाटून घ्यायचं असेल.

जेवणानंतर मुलीने व्यायाम करून घेतले. खुर्चीत बसून एक पाय सरळ उचलायचा, पाच आकडे मोजायचे, खाली. दहा वेळा. काकूंनी तीन केले आणि पाय खाली ठेवला. मुलगी म्हणाली, "सात राहिले." काकू म्हणाल्या, "उद्या." रविवारशिवाय मुलीला वेळ नसतो. सकाळी सहाला ती निघते, संध्याकाळी आठला येते. मधल्या वेळात एक बाई येऊन जेवायला वाढून जाते.

मी निघताना दारात चपला घालत मुलीला म्हणाले, "मला शनिवारी अर्धा दिवस असतो. मी येत जाऊ का? व्यायाम करून घेईन, जेवायला बसेन त्यांच्याबरोबर. तू सांगशील तसंच करीन."

तिने दाराची कडी धरली होती. तिने खाली बघितलं, मग माझ्याकडे.

"नको ताई," ती म्हणाली. "तुम्ही भेटायला या, आईला बरं वाटतं. पण तिचं खाणं आणि चालणं मी बघते."

आवाजात राग नव्हता. मी "बरं" म्हणाले. लिफ्ट येईपर्यंत ती दारातच उभी राहिली, रीतीप्रमाणे. लिफ्ट आली आणि मी तिच्यात शिरले तेव्हा घरातून तिचा आवाज आला, "आई, चल, अजून एकदा उचल." काकूंनी उचलला की नाही ते मला कळलं नाही.